भिंतीकडचं दार

“आता डाव्या दारानं,” मेनेझिस सर म्हणाले.

मी गाडीशेजारी उभा. अंगात जाड फायरसूट, डोक्यात हेल्मेट, आत घामाच्या धारा. आत्ताच उजव्या दारानं सहा सेकंदांत बाहेर आलो होतो. बेल्ट लावलेले, स्टिअरिंग जागेवर, दार बंद, तिथपासून दोन्ही पाय जमिनीवर येईपर्यंत सहा. मुदत सातची. बाबालालचाचांनी माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला होता, तो तसाच वर राहिला.

“डाव्या?” चाचांनी विचारलं.

“पलीकडच्या दारानं नऊ सेकंद.” सरांनी स्टॉपवॉच शून्यावर आणलं. “गाडी उजव्या कुशीवर पडली तर उजवं दार जमिनीला. मग हा काय करणार? गाडी सरळ व्हायची वाट बघणार?”

मेनेझिस सर मडगावचे. रेसच्या आधी गाड्या आणि ड्रायव्हर तपासायचं काम त्यांचं. हा नियम काही त्यांनी माझ्यासाठी काढलेला नव्हता, पुस्तकातच होता. आम्ही सात सेकंदांची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. नऊची ओळ तिच्याच खाली होती.

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली. भिंत.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. चाचांचं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका बोळात, आणि बोळ एवढा अरुंद की रेसची गाडी आत घ्यायची तर डावं अंग भिंतीला घासतंय की काय असं वाटायचं. मध्ये एक पाना उभा ठेवता येईल एवढी फट. त्या गाडीत मी तीन महिने रोज संध्याकाळी बसलो आणि बाहेर पडलो, बसलो आणि बाहेर पडलो. पहिल्या दिवशी बावीस सेकंद लागले. चाचा मोबाईलवर वेळ लावायचे आणि म्हणायचे, “इंदर, एवढ्या वेळात चहा होतोय गा.” बाविसाचे पंधरा झाले, पंधराचे दहा, शेवटी सहा. सगळं उजव्या दारानं. डावं दार त्या तीन महिन्यांत एकदाही उघडलं नाही. उघडणार कुठं? आमच्या लेखी ते दार नव्हतंच.

आता हे सगळं का करावं लागलं ते सांगतो.

त्याच्या दोन वर्षं आधी, जिथं ही परीक्षा होती त्याच माळावरच्या ट्रॅकवर मी टायरांच्या भिंतीत घुसलो होतो. उजवा खुबा निखळला. डॉक्टरांनी बसवला, मी तीन महिन्यांत परत गाडीत. वर्षभरानं जांघेत कळ यायला लागली. ब्रेक दाबला की कळ, जिना चढला की कळ, मग नुसतं कुशीवर वळलं तरी कळ. तपासलं तर मांडीच्या हाडाचा वरचा गोळा रक्त न पोचल्यामुळं आतून मरत चालला होता. सर्जन म्हणाले, खुबा बदलावा लागेल. मला वाटलं ते म्हाताऱ्यांचं असतं. ते म्हणाले, हाड काही वय विचारून मरत नाही.

ऑपरेशननंतर त्यांनी एक्स-रे दाखवला. हाडात ठोकलेली दांडी, वर चकचकीत गोळा. मी म्हटलं, हा तर बॉल जॉइंट, चाचा दहा मिनिटांत बदलतात. सर्जन हसले नाहीत. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पाय आत वळवायचा नाही, गुडघा खुब्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. चुकलास तर गोळा वाटीतनं बाहेर.

मग घरी. घरी आई आणि मी, दोघंच. वडील मी दहावीत असताना गेले, तेव्हापासून आई पिठाची गिरण चालवते. वीस किलोचा डबा ती एका हातानं उचलून चाळणीवर पालथा करते. कानाच्या पाळीवर पीठ कायम. लग्नाला गेली तरी थोडं राहिलेलंच.

त्या दिवसांतलं एक मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पलंगाशेजारी एक कमोडची खुर्ची ठेवलेली असायची. दीडशेच्या वेगानं वळण मारणारा गडी मी, आणि पलंगावरनं त्या खुर्चीवर जायला मला आई लागायची. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून आधी पाय टाकायला गेलो आणि कळ अशी आली की डोळ्यांपुढं काजवे. आई माझ्या खांद्यामागं उभी राहिली. “बूड आधी,” म्हणाली. “पाय येत्यात मागनं.” मी लाजेनं भिंतीकडं तोंड करायचो. ती गिरणीतल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत राहायची. कुणाची ज्वारी ओली निघाली, कुणी दुसऱ्याचाच डबा उचलून नेला. दिवसातनं पाच-सहा वेळा, असे पाच आठवडे.

पुढं वॉकर आला, मग काठी, मग काठीही सुटली. सहाव्या महिन्यात मी चाचांच्या बोळात जाऊन उभा राहिलो. चाचांनी पाय बघितला नाही, डोळे बघितले. म्हणाले, सीट वर घ्यावी लागेल. गुडघा खुब्याच्या खाली राहायला पाहिजे ना, म्हणून त्यांनी सीटखाली लोखंडाचे तुकडे जोडून ती चार बोटं उचलली आणि पेडल पुढं सरकवले. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस, माझ्या खुब्याचा कोन मात्र सुतारासारखा गुण्या लावून मोजत बसला.

रेसला हरकत नाही असं पत्र द्यायला सर्जननी दोन महिने घेतले. तीन एक्स-रे काढायला लावले, आणि परत ठोकलंस तर काय होईल ते चित्र काढून समजावलं. मी समजून घेतलं आणि पत्र खिशात घातलं.

आईला कळलं तेव्हा ती तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी भाकरी थापताना पाठमोरीच म्हणाली, “परीक्षा कधी हाय?”

तारीख सांगितली.

“मी येणार.”

मी रेस करतोय त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. एकदाही ट्रॅकवर आली नव्हती. मी विचारलं, का येतेस?

“नापास झालास की घरी आणायला कोणतरी पाहिजे.”

देवाला काय मागून आली होती ते तिनं लपवलंच नाही. सकाळी गाडीची पूजा झाली, चाचांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ आईच्या हातात दिला. तिनं फोडला. एका फटक्यात.

तर, डावं दार.

मी परत आत बसलो. बेल्ट लावले. सरांनी हात खाली केला.

बेल्ट सोडला, खटक्यानं निघणारं स्टिअरिंग काढून डॅशवर टाकलं, इथपर्यंत हात आपोआप चालले. मग मी डावा पाय गिअरच्या दांड्यावरनं पलीकडं टाकला, आणि आता उजवा. उजव्याचा गुडघा वर आला तर छातीला लागणार, खाली ठेवला तर दांड्याला अडकणार. मधनं काढायचा तर पाय आत वळवावा लागणार. मी वळवला. थोडासाच. जांघेत आत कुठंतरी काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, आणि मी होतो तिथं थिजलो. एक पाय इकडं, एक पाय तिकडं, डोकं पिंजऱ्याच्या नळीला टेकलेलं. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो खरंच पिंजरा वाटला.

“चौदा,” सर म्हणाले. “आणि अजून आत.”

चाचांनी मला उजव्या बाजूनं ओढून काढलं. खुबा जागेवर होता, भीतीच जास्त होती.

मेनेझिस सर वाईट माणूस नव्हे. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “मगदूम, अकरा वाजता परत बघतो. तिसऱ्यांदा नाही बघणार.” घड्याळात दहा पंचवीस झाले होते.

गाडीचे मालक पाटणकर तंबूच्या सावलीत उभे होते. त्यांच्याशेजारी पुण्याचा एक ड्रायव्हर, फायरसूट घालून तयार, हेल्मेट काखेत. पाटणकरांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. मी पास झालो तर गाडी माझी, नाहीतर पूर्ण सीझन त्याची. आणि एक सीझन घरी बसलेल्या, खुबा बदललेल्या ड्रायव्हरला पुढच्या वर्षी कोण गाडी देतो? ही शेवटची संधी होती. हे मला माहीत होतं, चाचांना माहीत होतं आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत डबा मांडीवर घेऊन बसलेल्या आईलाही माहीत होतं.

आम्ही गाडी ढकलत पत्र्याच्या शेडमागं नेली. चाचा ढकलता ढकलता सारखं तेच. भिंत माझी, गॅरेज माझं, चूक माझी. एवढी वर्षं गाड्या उघडतोय आणि एक दार उघडायचं सुचलं नाही. मी म्हटलं, चाचा, रडून घ्यायचं असेल तर अकरानंतर.

परत केलं. तेरा. डोकं आधी काढून बघितलं, पाय स्टिअरिंगच्या दांडीत अडकले. सोळा. सीटवर गुडघा टेकवून बघायला गेलो तर चाचांनीच धरलं. “मोडून घेशील,” म्हणाले. परत. बारा. परत. बारा. चाचांनी मोबाईल खिशात टाकला, तेव्हाच मला कळलं की त्यांनी मनातनं सोडलं.

शेडच्या कोपऱ्यावर आई उभी होती. कधी आली होती कुणास ठाऊक.

ती डाव्या दाराशी आली. वाकून आत बघितलं. रेसच्या गाडीत बाजूची सीट काढलेली असते, तिथं नुसता पत्रा. तिनं माझ्या सीटपासून दारापर्यंत वीत टाकत अंतर मोजलं. एक, दोन, तीन, चार.

“हे तर पलंग न् खुर्चीएवढंच हाय की,” ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

“बूड आधी, इंद्र्या.”

चाचा बघत राहिले. त्यांना त्या खुर्चीचं काहीच माहीत नव्हतं. मला कान गरम झालेले जाणवले. पण अंगाला आठवलं. डोक्याच्या आधी अंगाला आठवलं. मी आत बसलो, बेल्ट सोडला, स्टिअरिंग टाकलं आणि दाराकडं पाठ केली. हात मागं टेकले आणि बूड उचलून मागं घेतलं. एकदा, दोनदा. पाय सरळ, दोन्ही मिळून, मागनं घसरत यायला लागले. गुडघा वर नाही, पाऊल आत नाही. गिअरच्या दांड्यावरनं उजवा पाय असा आला, जसा चादरीवरनं यायचा.

“उजव्याला ओढू नको,” आई म्हणाली. “तो येतोय त्याचा तो.”

मी पाठीवर बाहेर पडलो. मुरूम टोचला. चाचांनी मोबाईल बाहेर काढलेलाही नव्हता.

“परत कर,” ते म्हणाले. आवाज बदललेला.

साडेदहा सेकंद. मग साडेनऊ. आईनं माझे हात आणखी मागं ठेवायला लावले, बाहेर पडताना उजव्या अंगावर नाही, डाव्या खांद्यावर पड म्हणाली. नऊ. मग आठ आणि वर काहीतरी. अकराला तीन मिनिटं होती.

मेनेझिस सरांनी हात खाली केला.

बेल्ट. स्टिअरिंग. पाठ फिरवली. मागं हात. सर गाडीच्या डाव्या बाजूला उभे होते, त्यांना हेल्मेट दिसायच्या ऐवजी माझं बूड येताना दिसलं. ते एक पाऊल मागं सरले. एक उचल, दुसरी उचल, पाय आले, उंबऱ्यावर बसलो, डावा खांदा टाकला आणि आडवा होऊन जमिनीवर आलो. दोन्ही टाचा मुरुमात.

वर आभाळ. त्यात मधोमध सरांचा चेहरा.

“आठ पॉइंट चार,” ते म्हणाले. मग थोडा विचार करून, “सुंदर नाही. पण बाहेर आहे.”

त्यांनी कागदावर सही केली. चाचांनी मला उठवलं आणि सकाळपासून राहिलेली ती थाप मारली. पुण्याचा ड्रायव्हर येऊन हात मिळवून गेला. दिलदार होता. मी आईला शोधलं तर ती परत जाऊन खुर्चीत बसली होती आणि डब्याचं झाकण उघडून भाकरीचा तुकडा मोडत होती, जसं काही झालंच नाही.

रेस चार वाजता. आठ फेऱ्या, बारा गाड्या. वेळेच्या फेऱ्यांत मी पाचवा आलो होतो, म्हणजे तिसऱ्या रांगेत. खरं सांगू, पहिल्या दोन फेऱ्या मी भिऊन चालवली. ब्रेक पूर्ण दाबायचा म्हणजे उजव्या पायावर सगळं वजन, आणि आत तो लोखंडी गोळा. मी प्रत्येक वळणाच्या आधी जरा लवकर ब्रेक मारत होतो, आणि पुढचे चौघं लांब जात होते.

तिसऱ्या फेरीत उतारावरच्या उजव्या वळणावर एक गाडी मला आतल्या बाजूनं मागं टाकायला आली. मी रागानं ब्रेक उशिरा मारला. पूर्ण, मुळापासून. आणि काही झालं नाही. कळ नाही, सरकणं नाही. नवा पाय पेडलवर दगडासारखा उभा राहिला. कळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मी दुखायची वाट न बघता ब्रेक मारला होता. मी हेल्मेटच्या आत एकटाच हसलो.

मग मला कुणी थांबवणार नव्हतं. चौथ्या फेरीत एक, पाचव्या फेरीत आणखी एक. सातव्यात दुसऱ्या नंबरचा स्वतःच घसरून मातीत गेला. पुढं उरला इस्लामपूरचा जाधव, तीन सीझन तोच जिंकत होता. शेवटच्या फेरीत त्याच उताराच्या वळणावर त्यानं ब्रेक मारला. मी मोजलं, एक, आणि मग मारला. त्याच्या आतनं गेलो. आमच्या दोघांच्या मध्ये एक पाना बसेल एवढी फट असेल.

मला नेहमी वाटायचं की जिंकल्यावर मी ओरडेन. पण रेषा ओलांडली आणि डोळ्यांत पाणी आलं, ते पुसताही येईना, मध्ये हेल्मेटची काच.

आता खरी गंमत. पहिल्या तिघांनी गाड्या बक्षिसाच्या स्टेजसमोर ओळीनं लावायच्या. पहिल्याची जागा एकदम टोकाला. मला झेंडा दाखवणाऱ्यानं इशारा केला, मी जोशात गाडी आत घातली आणि इंजिन बंद केलं. दार उघडायला गेलो तर उघडेना. उजवीकडं सिमेंटचा कठडा. अगदी चिकटून.

बाहेर सगळे जमलेले. पाटणकर, मेनेझिस सर, हातात हार घेतलेले लोक, पेपरचा फोटोवाला गुडघ्यावर बसलेला. चाचा हातानं खुणावायला लागले, गाडी मागं घे, मागं घे. मी चावीकडं हात नेला. मग म्हटलं, कशाला?

बेल्ट सोडला, स्टिअरिंग टाकलं, पाठ फिरवली.

फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात आला तो तसाच. उघडं दार, त्यातनं मागं मागं येणारं माझं बूड, आणि खाली मोठ्या अक्षरात माझं नाव. सगळं उद्यमनगर हसलं. चाचांनी चार पेपर घेतले.

संध्याकाळी मी आईला घेऊन घरी निघालो. माझी साधी गाडी, ट्रॉफी मागच्या सीटवर, आईनं तिला पण बेल्ट लावलेला. मग मी विचारलंच. म्हटलं, तू शेडमागं आली नसतीस तर मी नापास झालो असतो. तुला तेच पाहिजे होतं. मग का सांगितलंस?

ती खिडकीतनं बाहेर उसाकडं बघत होती.

“ते साहेब म्हणाले न्हाईत का, गाडी कुशीवर पडली तर,” ती म्हणाली. “ती परीक्षा आत जायची नव्हती, बाहेर यायची होती. आत तू जाणारच. आज न्हाई तर उद्या, दुसऱ्या कुणाची गाडी घेऊन. तिथं माझं काय चालत न्हाई.” तिनं कानाच्या पाळीवरचं पीठ पदरानं पुसलं. “बाहेर येणं तेवढं माझ्याकडं होतं.”

मी गाडी चालवत राहिलो.

आज आठ वर्षांनी ट्रॉफी कपाटात आहे, कुणाला दाखवावी लागत नाही. पण तो पेपरातला फोटो आईनं फ्रेम करून गिरणीत लावलाय, वजनकाट्याच्या बरोबर वर. काचेवर कायम पिठाचा थर. नवं गिऱ्हाईक आलं की डबा ठेवता ठेवता हमखास विचारतं, मावशी, हे काय, हा कोण?

आई पदरानं काच पुसते.

“माझा पोरगा,” म्हणते. “बाहेर यायलाय.”